आरगॉन वेल्डिंगचा धूर, फुप्फुसं आणि डीएनए: एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे मिस्टर १४ वर्षं भोसरीतल्या एका शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपिंगचं वेल्डिंग करतात. बहुतेक काम आरगॉनचं, म्हणजे आरगॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या काडीने होणारं, अधूनमधून लेप असलेल्या रॉडचं. मागच्या आठवड्यात कुणीतरी त्यांना एक व्हिडिओ पाठवला. धातूचे नॅनोकण श्वासातून फुप्फुसात जातात आणि डीएनए तोडतात, असं त्यात सांगितलंय. तेव्हापासून घरात कुणाचं लक्ष लागत नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे खरं आहे का, त्यांची डीएनए टेस्ट कुठे होईल, आणि दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय तर त्याला काही होईल का.

मी २२ वर्षं भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात कारखान्यांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. वेल्डर, ग्राइंडर, बफिंगवाले ही माझी रोजची माणसं. त्यामुळे जे लिहितोय ते पुस्तकातलं आहे आणि शेडमध्ये उभं राहून पाहिलेलंही आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण झोप बहुधा त्यानेच उडवलीय. फुप्फुसातल्या पेशीच्या डीएनएला झालेली इजा बाळाकडे जात नाही. बाळाकडे जातो तो बीजपेशींमधला, म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज यांतला डीएनए. फुप्फुसाची बिघडलेली पेशी तिथेच राहते. ती दुरुस्त होते, किंवा मरून जाते, किंवा फार क्वचित पुढे जाऊन गाठ होते. तेव्हा त्या व्हिडिओपायी बाळाचा विचार थांबवू नका. दिवस राहायला उशीर होत असेल तर साधी वीर्यतपासणी करून घ्या. सतत उष्णतेजवळ काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगतो. एक काळजी मात्र आजपासून घ्या. मोठं लेकरू बाबा दारात आले की पायाला मिठी मारत असेल. कामाचे कपडे शेडमध्येच बदलून यायला सांगा, ते वेगळ्या बादलीत भिजवा, आणि ते झटकू नका. कपडे झटकले की त्यांच्यावरची धूळ तुमच्या आणि लेकराच्या नाकात जाते.

आता मूळ मुद्दा. ‘डीएनए तुटतो का’ एवढं विचारून भागत नाही. डीएनए तुमचाही तुटतो, माझाही तुटतो. आपल्या प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी त्याला इजा होते. उन्हामुळे होते, विस्तवाच्या धुरामुळे होते, आणि पेशी स्वतः ऊर्जा तयार करते त्या उद्योगातूनही होते. तरी आपण चालतोबोलतो, कारण पेशीत दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची फौज रात्रंदिवस कामावर असते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून मी वेल्डरकडे बघताना दोन गोष्टी विचारतो: मोडतोड किती वाढलीय, आणि दुरुस्तीच्या कामात कुणी खोडा घालतंय का? स्टेनलेसच्या धुराची अडचण अशी की तो दोन्ही करतो.

हा धूर लाकडाच्या किंवा कचऱ्याच्या धुरासारखा नसतो. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताच्या टोकाशी तापमान काही हजार अंशांवर जातं. तिथे धातूची वाफ होते, ती हवेत येते, हवेतला ऑक्सिजन धरते आणि क्षणात थिजते. थिजून जे कण होतात ते बहुधा शंभरहून कमी नॅनोमीटरचे असतात. मग ते एकमेकांना चिकटून मण्यांच्या माळेसारख्या साखळ्या करतात. नॅनोमीटर म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १००च्या खालच्या कणाला नॅनोकण म्हणतात. डीएनएच्या पिळाची जाडी २ नॅनोमीटर.

नव्या शेडमध्ये गेलो की मी एक छोटी गोष्ट हमखास करतो. संध्याकाळी काम संपल्यावर वेल्डरचं हेल्मेट उलटं करतो आणि आतल्या बाजूवरून ओला पांढरा कापूस फिरवतो. कापसावर तांबूस-करडा थर येतो. काचेच्या बाहेर तो असणारच, पण हा थर हेल्मेटच्या आत, नाकापासून चार बोटांवर बसलेला असतो. मालकाला शंभर कागद दाखवून जे पटत नाही ते तो कापूस बघून पटतं. तुमच्या मिस्टरांना हे एकदा करून बघायला सांगा.

कण लहान असण्याने नेमकं काय बिघडतं? साधा हिशेब करा. १,००० नॅनोमीटरचा एक गोळा घेतला आणि त्याच धातूचे २० नॅनोमीटरचे गोळे केले, तर वजन तेवढंच राहतं, पण गोळे होतात सव्वा लाख, आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ५० पट. रासायनिक घडामोड पृष्ठभागावर होते, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा धातू कितीतरी जास्त उपद्रव करतो. दुसरं म्हणजे पोहोच. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, किंवा श्वासनळ्यांमधल्या चिकट शेंबडात सापडते. तिथले बारीक केस तो शेंबूड वर ढकलत राहतात आणि दिवसभरात बहुतेक धूळ बाहेर येते. सकाळी काळा बेडका पडतो तो हाच. वेल्डर घाबरून येतात, पण तो बाहेर पडतोय हे चांगलंच आहे. २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात, आणि आत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे तिथेच बसतात. वायुकोशांत ते केस नसतात. तिथे सफाईला असतात फक्त भक्षक पेशी. त्या एकेक कण गिळून वाहून नेतात, आणि या कामाला आठवडे, महिने लागतात. रोज नवा धूर येत राहिला की ही सफाई कधी पुरीच होत नाही.

वायुकोशात बसलेल्या कणाने डीएनएला इजा कशी होते? ताई, हा भाग जरा सावकाश वाचा. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत काय महत्त्वाचं आणि काय नाही, ते यावरूनच ठरतं.

पहिली वाट लोखंडाची. शरीरात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं तयार होतच असतं. लोखंडाचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, त्याला भेटला की हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक रेणू तयार होतो. याला फेंटन अभिक्रिया म्हणतात. हा रेणू फार लांब जात नाही, पण शेजारी डीएनए असेल तर त्याचा धागा तोडतो, किंवा डीएनएची माहिती ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते त्यातल्या ग्वानीन या अक्षराला ऑक्सिजन चिकटवतो. असं बिघडलेलं अक्षर पेशीने वेळेत काढून टाकलं नाही, तर पुढच्या नकलेत चुकीचं अक्षर बसतं.

दुसरी वाट विरघळणाऱ्या धातूंची. शरीराबाहेर पाण्यात फारसा न विरघळणारा कण पेशी गिळते आणि आपल्या आतल्या एका आम्लाच्या पिशवीत टाकते. बहुतेक वस्तू तिथे पचतात. तांबं, निकेल, कोबाल्ट यांचे ऑक्साइड मात्र तिथे विरघळतात, आणि जो धातू एरवी पेशीत एवढ्या प्रमाणात शिरूच शकला नसता तो थेट आत सुटतो. पेशी स्वतःच्या हाताने दार उघडून त्याला आत घेते, असं म्हणा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २००८ साली फुप्फुसाच्या पेशींवर वेगवेगळ्या धातूंचे ऑक्साइड नॅनोकण टाकून तुलना केली, तेव्हा तांब्याच्या ऑक्साइडने डीएनएची सर्वांत जास्त मोडतोड केली होती. त्याच प्रयोगात लोखंडाचे ऑक्साइड त्या मानाने बरेच सौम्य ठरले. तेव्हा ‘धातूचे नॅनोकण’ असं एकच भूत उभं करू नका. कुठला धातू आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे.

तिसरी वाट क्रोमियमची, आणि स्टेनलेसच्या कामात मला हीच सर्वांत जास्त खुपते. ३०४ ग्रेडच्या पत्र्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पत्रा म्हणून ते निरुपद्रवी आहे, आपण त्याच भांड्यांत जेवतो. आर्कमध्ये मात्र त्यातलं काही क्रोमियम सहा संयुजेच्या, म्हणजे हेक्साव्हॅलंट या विषारी रूपात येतं. या रूपाची घडण शरीराला लागणाऱ्या सल्फेटसारखी दिसते, त्यामुळे सल्फेटच्याच दारातून ते पेशीत शिरतं. आत गेल्यावर क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य त्याला निवळवायला धावतात. ते तीन संयुजेचं होतं खरं, पण होता होता डीएनएला चिकटून बसतं आणि त्याच्या धाग्यांत गुंता करतं.

चौथी वाट दुरुस्तीत खोडा घालण्याची. डीएनए सांधणाऱ्या कित्येक प्रथिनांच्या रचनेत जस्ताचा एकेक अणू खुंटीसारखा बसलेला असतो. निकेल, कोबाल्ट, कॅडमियम यांसारखे धातू ती रचना बिघडवतात. प्रथिन जागेवर असतं, पण काम करत नाही. म्हणजे क्रोमियमने मोडायचं आणि निकेलने सांधणाऱ्याचे हात बांधायचे, असा हा जोडीचा मामला आहे.

पाचवी वाट सुजेची. भक्षक पेशी थकल्या की त्या रक्तातून आणखी पेशी बोलावतात. त्या पेशी जंतू मारण्यासाठी जी रसायनं सोडतात, तीच सोडतात. जंतू तिथे नसतोच, मारा शेजारच्या निरोगी पेशींवर होतो. ही सूज एका दिवसात काही करत नाही, पण वर्षानुवर्षं धुमसत राहिली की नुकसान साचत जातं. माझ्या मते १४ वर्षांच्या वेल्डरमध्ये सर्वांत जास्त विचार हिचाच करायला हवा. चांगली बाब अशी की धूर कमी केला की ही सूज उतरते.

एवढं वाचून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आता प्रमाण सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. त्याआधी तो ‘शक्यता आहे’ या गटात होता. पण गट पुराव्याची पक्कड सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तर वेल्डरांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण २० ते ४० टक्क्यांनी जास्त दिसतं. सिगारेट ओढणाऱ्यात तेच प्रमाण १५ ते ३० पट होतं. मिस्टर विडी-सिगारेट ओढतात की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते सोडायला लावा. विडीच्या धुराने श्वासनळीतले ते बारीक केस लुळे पडतात, आणि मग शेडमधला धूर वर ढकलायला कुणी उरत नाही.

आता डीएनए टेस्टबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की ती करू नका. तुम्ही बहुधा ज्या तपासणीबद्दल ऐकलंय तिला कॉमेट, म्हणजे धूमकेतू चाचणी म्हणतात. एका संशोधन प्रयोगशाळेत मी ती जवळून पाहिली आहे. रक्तातल्या पेशी जेलीच्या पातळ थरात अडकवून काचपट्टीवर पसरतात, पेशींची आवरणं विरघळवतात, मग त्यातून वीज सोडतात. धड डीएनए जागेवर गोळ्यासारखा राहतो. तुटलेले तुकडे विजेबरोबर एका बाजूला ओढले जातात. चकाकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एकेक पेशी धूमकेतूसारखी दिसते: डोकं आणि मागे शेपूट. शेपूट लांब तितकी मोडतोड जास्त. फार सुंदर तपासणी आहे, पण ती शंभर वेल्डर आणि शंभर ऑफिसवाले यांची तुलना करायला चांगली. एका माणसाला तिचा उपयोग नाही. ती पाहते रक्तातल्या पेशी, फुप्फुसातल्या नव्हे. त्यातल्या बऱ्याच मोडी काही तासांत सांधल्या जातात, म्हणजे सोमवारी सकाळी एक आकडा येईल आणि शनिवारी संध्याकाळी दुसरा. आदल्या दिवशीचं ऊन, ताप, व्यायाम यांनीही तो हलतो. आणि आकडा जास्त आला तरी करायचं तेच, जे आकडा न बघताही करायला हवं. तेवढे पैसे चांगल्या मास्कवर आणि धूर ओढणाऱ्या पंख्यावर लावा.

ज्या तपासण्यांनी मला खरंच काही कळतं त्या साध्या आहेत. वर्षातून एकदा फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, म्हणजे पीएफटी. पहिल्या वर्षीचा कागद जपून ठेवा, कारण एकट्या आकड्यापेक्षा दरवर्षी तो किती घसरतो ते महत्त्वाचं. छातीचा एक एक्स-रे पाया म्हणून. आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शिफ्ट संपताना घेतलेल्या लघवीत क्रोमियम आणि निकेल. या शेवटच्या तपासणीतून त्या आठवड्यात शरीरात किती धातू शिरला याचा अंदाज येतो. म्हणून मी ती शेडमध्ये सुधारणा करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करायला सांगतो. आकडा खाली आला की वेल्डरचाही विश्वास बसतो. ईएसआयचं कार्ड असेल तर पीएफटी आणि एक्स-रे तिथे होतात. शिवाय न्यूमोकोकस या जंतूवरच्या न्यूमोकोकल लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. धातूच्या धुराने या जंतूचा न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते, म्हणून ब्रिटनमध्ये वेल्डरांना ही लस द्यायची शिफारस आहे.

एक्स-रे काढाल तेव्हा केसपेपरवर ‘वेल्डर, १४ वर्षं’ असं ठळक लिहून घ्या. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वय ४१, वीस वर्षं साध्या लोखंडाचं वेल्डिंग. दुसरीकडे त्यांचा एक्स-रे पाहून टीबीची औषधं सुरू केली होती. दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके होते खरे, पण ताप नाही, वजन घटलेलं नाही, आणि टीबीचा जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी झालेलीच नव्हती. आम्ही ती केली, निगेटिव्ह आली. ते ठिपके लोखंडाच्या साठलेल्या कणांचे होते. अशी छाया काम सुटल्यावर पुसटही होत जाते. त्यांना कुणी धंदा विचारलाच नव्हता. तीन आठवडे खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणं यांतलं काही असेल तर मात्र वाट बघू नका. आणि छाती कामावर आवळते पण रविवारी मोकळी होते, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो दम्याचा प्रकार असू शकतो.

आता शेडमध्ये काय करायचं ते. मी शेड पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या मिस्टरांनी ताडून बघाव्यात.

सगळ्यांत आधी डोकं कुठे असतं ते बघायला सांगा. धूर सरळ वर चढतो. जोडावर ओणवं होऊन काम केलं तर तो हेल्मेटच्या खालच्या कडेने आत येतो, कापसावरचा थर तिथूनच आलेला असतो. काम थोडं उंच करून, मान धुराच्या बाजूला ठेवून केलं तर फुकटात फरक पडतो. टाकी फिरवता येत असेल तर फिरवा, पण तिच्यावर झोपून वेल्डिंग नको.

रॉड की आरगॉन, यानेही मोठा फरक पडतो. स्टेनलेसवर रॉडने केलं की धूर जास्त, आणि रॉडच्या लेपातल्या पोटॅशियम-सोडियममुळे त्यात सहा संयुजेचं क्रोमियमही जास्त. आरगॉनमध्ये धूर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून वेल्डर म्हणतात, ‘डॉक्टर, आरगॉनला कुठे धूर असतो?’ वजनाने तो कमीच असतो, ते बरोबर आहे. पण जे असतं ते बहुतेक नॅनोच असतं, आणि आपली मोजमापं वजनाची. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या परिशिष्टात वेल्डिंगच्या धुराची मर्यादा होती घनमीटरला ५ मिलिग्रॅम. अमेरिकेने २००६ साली सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी घातलेली मर्यादा आहे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा हजारावा भाग. स्टेनलेसच्या शेडमध्ये धुराचं वजन मर्यादेत आहे असा कागद कुणी दाखवला, तर क्रोमियम वेगळं मोजलंय का हे विचारा. तरीही निवड असेल तर रॉडपेक्षा आरगॉनच बरा, असंच मी सांगेन.

टंगस्टनच्या लाल टोकाच्या काड्या वापरत असतील तर बदलायला सांगा. त्यात २ टक्के थोरिया असतो, तो किरणोत्सारी आहे. काडी जागेवर असताना फारसं काही नाही, पण ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी धूळ छातीत जायला नको. लँथनमच्या काड्या तेच काम करतात.

धूर ओढणारं नळकांडं असेल तर ते जोडापासून किती लांब आहे ते बघा. मी पाहिलेल्या निम्म्या शेडमध्ये मशीन महागडं असतं आणि तोंड मात्र हातभर लांब. नळकांड्याच्या तोंडाचा व्यास जेवढा, तेवढं अंतर गेलं की हवेची ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे १५ सेंटिमीटरचं तोंड असेल तर ते जोडापासून १५ सेंटिमीटरच्या आतच हवं. फार जवळ घेतलं की आरगॉन ओढला जातो आणि जोडात भोकं पडतात, ही वेल्डरांची तक्रार खरी आहे. त्यासाठी तोंड थोडं वर आणि बाजूला ठेवून ओढ बसवावी लागते. त्यात एक दिवस जातो, पण तो दिवस द्यावा. ब्रिटनमध्ये तर २०१९पासून साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही आत काम करताना अशी ओढ लागतेच.

मास्कबद्दल लोकांचा उलटा समज आहे. कण इतके बारीक तर मास्कमधून आरपार जाणारच, असं वाटतं. प्रत्यक्षात एन-९५सारख्या मास्कला सर्वांत अवघड जातो तो साधारण ३० ते १०० नॅनोमीटरचा कण, आणि त्यातलेही बहुतेक तो अडवतो. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे हिंडतात आणि मास्कच्या धाग्यांवर आपटून चिकटतात. म्हणजे एन-९५ किंवा आयएस ९४७३चा एफएफपी-२ मास्क नॅनोकण चांगले अडवतो. गळती होते ती कडेने, गालाजवळून आणि नाकाच्या उंचवट्यापासून. दाढी असेल तर मास्क घालून न घातल्यासारखाच. रुमाल, मफलर, हिरवा कापडी मास्क यांचा इथे काही उपयोग नाही.

आणि टाकीच्या आत उतरून काम असेल तर डीएनएचा विचार नंतर. आरगॉन हवेपेक्षा जड असतो, तो टाकीच्या तळाशी साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस दोन श्वासांत खाली पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. आत ताजी हवा सोडल्याशिवाय, ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस सतत उभा असल्याशिवाय आत जायचं नाही. यात मी कुठलीही सवलत देत नाही.

तुम्ही शेवटी गुळाचं विचारलंय. शेडमध्ये रोज गूळ वाटतात, धूर त्याने निघून जातो म्हणतात. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९९४ साली उंदरांना गूळ देऊन पाहिलं होतं, आणि गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धुळीचे कण जास्त हलताना दिसले. त्यामुळे मी गुळाला नाव ठेवत नाही. मिस्टरांना साखर नसेल तर खाऊ द्या खुशाल. पण गुळाचा खडा देऊन मालक पंखा बसवायचं टाळत असेल, तर मात्र मी बोलतो. दुधाने धूर उतरतो, यात तथ्य नाही. दूध पोटात जातं, धूर छातीत.

मालकाशी बोलायची वेळ येईल तेव्हा कर्करोगापासून सुरुवात करू नका, माणूस लगेच बचावात जातो. हेल्मेटमधला कापूस दाखवा. मग काम बंद असताना, सिलिंडर आणि थिनर लांब ठेवून, जोडाच्या जागी एक अगरबत्ती पेटवून धरा आणि ओढीचा पंखा चालू करा. अगरबत्तीचा धूर वाकून नळकांड्यात गेला तर ठीक. सरळ वर चढून जिथे वेल्डरचं तोंड असतं तिथे आला, तर नळकांडं सरकवायचं, आणि पुन्हा पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. हे करून झालं की अगरबत्ती कुठे वाकली, रॉडचं काम आठवड्यातून किती तास असतं आणि टाकीत उतरावं लागतं का, एवढं इथे लिहा. पुढचं मी त्यावरून सांगतो.